बर्गंडीची बाटली वाचायची तर आधी उतार पाहा

फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या वाइनच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव बहुधा नसतंच. असतं ते गावाचं किंवा मळ्याचं. द्राक्षं मुख्यतः दोन, लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने. त्यामुळे खरा प्रश्न उरतो तो वेल उताराच्या कुठल्या भागात आहे, हा.

दिजाँ शहरापासून दक्षिणेला सुमारे 50 किलोमीटर पसरलेला, पूर्वेला तोंड केलेला बुटका डोंगरउतार म्हणजे कोत दोर. उत्तरेचा भाग कोत द न्वी, जवळजवळ सगळा लाल. दक्षिणेचा कोत द बोन. तिथल्या पोमार आणि व्होल्ने गावांची लाल, मेर्सो आणि पुलिनीची पांढरी. त्याच्याही दक्षिणेला कोत शालोनेझ आणि माकोने. तिथले भाव बरेच हलके, सुरुवात तिथूनच करावी.

कोत दोरच्या पायथ्याशी माती जड असते. पाणी साचतं, थंड हवाही खाली उतरून तिथेच बसते. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि वारा जास्त. मधल्या पट्ट्यात चुनखडीवर बेताची माती, चांगला निचरा आणि सकाळचं ऊन. ग्राँ क्रू, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे मळे बहुतेक तिथेच. त्यांच्या आसपास त्याखालच्या दर्जाचे प्रेमिए क्रू, मग गावाच्या नावाची वाइन, आणि सपाटीवर नुसती 'बूर्गोन्य', म्हणजे बर्गंडीचंच फ्रेंच नाव.

फसायला होतं ते नावांत. 1847 मध्ये जेव्हरे गावाने आपल्या नावामागे शांबेर्तां या नामांकित मळ्याचं नाव जोडलं, मग इतर गावांनीही तेच केलं. म्हणून 'जेव्हरे-शांबेर्तां' ही गावाची वाइन, आणि नुसतं 'शांबेर्तां' ही ग्राँ क्रू. भावात कित्येक पटींचा फरक. 'प्रेमिए' म्हणजे पहिला, पण दर्जा दुसरा, हेही ध्यानात ठेवा.

मळ्याचं नावही पुरत नाही. क्लो द व्हुजो हा एकाच कुंपणभिंतीतला सुमारे 50 हेक्टरांचा मळा 1889 मध्ये तुकड्यांनी विकला गेला. पुढे वारसांच्या वाटण्या झाल्या. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, अगदी तसंच. आज मालक सुमारे 80. वरच्या अंगाची वाइन आणि खाली रस्त्यालगतच्या ओलसर जमिनीतली, दोन्हींवर नाव एकच. म्हणून उत्पादकाचं नाव वाचल्याशिवाय पैसे मोजू नका.

शाब्ली हेही बर्गंडीतलंच, पण कोत दोरपासून वेगळं, शंभरहून अधिक किलोमीटर वायव्येला. तिथल्या चुनखडीत बोटाच्या पेरापेक्षा लहान शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. सातही ग्राँ क्रू तुकडे एकाच टेकडीवर. नाशिककडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात. शाब्लीत हिवाळ्यात एकच. एप्रिलमध्ये डोळे फुटले की पाल्यावर दहिवर गोठण्याची भीती. मग रात्रभर वेलींवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि बर्फाच्या आवरणात कोंब शून्याच्या आसपास तगून राहतो. फवारा मध्येच बंद पडला तर मात्र कोंब उघड्यापेक्षाही जास्त गारठतो, म्हणून तापमान शून्यावर चढेपर्यंत पंप थांबवत नाहीत.

पाहायला जाणार असाल तर बोन गावात मुक्काम ठेवा. तिथून सांतनेपर्यंत मळ्यांमधून वीसेक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. वाइनच्या तळघरांना आधी फोन करूनच जा. दुपारी 12 ते 2 बहुतेक ठिकाणी बंद, आणि द्राक्षतोडणीच्या सप्टेंबरमध्ये कुणाला सवड नसते. चव घेऊन वाइन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. संकोच न करता वापरा, कारण गाडी चालवताना रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅमच आहे.