कुलूप शाबूत, सायकली गायब

दिवस पहिला

कुलूप शाबूत आहे. चावी घातली की आजही खट्ट करून उघडतं. त्याला लागलेली केबल तेवढी मधोमध तुटली आहे आणि दोन्ही सायकली नाहीत, माझी आणि लेकीची. एकाच केबलमधून दोन्ही फ्रेम ओवल्या होत्या, त्यामुळे चोराचं काम एका कापात झालं.

केबलचे तुकडे उचलून घरी आणले. वरचं आवरण साफ कापलेलं, आतल्या बारीक पोलादी तारांची टोकं चेपून चपटी झालेली. म्हणजे करवत नव्हे, कटर. एकदाच दाबला असणार. ही केबल मला बोटाएवढी जाड वाटायची. छेद बघितला तर निम्मी जाडी नुसत्या प्लास्टिकची. सहा वर्षं मी या प्लास्टिकवर भरवसा ठेवून हिंडत होतो.

तक्रार द्यायला गेलो तर पहिला प्रश्न: फ्रेम नंबर काय? मला सायकलचं वजन ग्रॅममध्ये पाठ, कॅसेटचे (मागच्या गिअरच्या चकत्यांचे) दात पाठ, कुठल्या स्पोकला कधी ताण दिला तेही सांगेन. नंबर मात्र माहीत नाही. माझा जुन्या बिलावर सापडला, लेकीचं बिलच मिळेना. तेव्हा तीच म्हणाली, "बाबा, आपण पंक्चर काढत होतो तेव्हाचा फोटो आहे ना?"

होता. सायकल उलटी, सीट-हँडलवर उभी, आणि ती हातात ट्यूब घेऊन जीभ बाहेर काढून हसतेय. नंबर बहुतेक सायकलींवर बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस फिरतो त्या सांध्याच्या) खाली ठोकलेला असतो, आणि ती बाजू वर येते ती फक्त पंक्चर काढताना. फोटो मोठा करून बघितला तर नंबर दिसला, शेवटचे दोन आकडे सोडून. गिअरच्या वायरी सरकाव्यात म्हणून तिथे प्लास्टिकची छोटी गाइड स्क्रूने बसवलेली असते, ते आकडे नेमके तिच्याखाली. तक्रारीत अपुरा नंबर आणि लाल रंग असं लिहून आलो.

दिवस चौथा

आज सुट्या भागांचा खण उपसला. चोराने सायकल नेली, तिचा संसार मात्र माझ्याकडेच ठेवला. १० स्पीडच्या दोन कोऱ्या चेन, ११-२८ ची कॅसेट, रिम ब्रेकच्या रबरांच्या चार जोड्या, आणि मी स्वतः विणलेलं पहिलं मागचं चाक: ३२ स्पोक, तीन आडे (प्रत्येक स्पोक इतर तिघांना छेदून जातो), १३० मिमीचा हब (चाकाचा मधला तुंबा). सरळ करायला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. वर ते मी राखीव म्हणून जपून ठेवलं होतं.

खरं सांगायचं तर हा खणच मला जुनं मॉडेल पुन्हा घ्यायला लावत होता. तीच फ्रेम, तोच रंग मिळाला तर हे सगळं चालेल आणि काही झालंच नाही असं वाटेल. दोन दिवस शोधाशोध केली. तेवढ्यात हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून पेन्सिलीने लिहिलेली ओळ दिसली: सीटची उंची ७३ सेंमी.

मग एक काम केलं, जे सहा वर्षांत केलं नव्हतं. अनवाणी भिंतीला टेकून उभा राहिलो, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांच्या मधून सीटवर बसल्यासारखं घट्ट वर ओढलं आणि लेकीने त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण केली. ८१ सेंमी. याला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर येतं, हे सायकलवेड्या बहुतेकांना ठाऊक आहे. माझं येतं ७१.५. सूत्र म्हणजे सुरुवात, शेवटचा शब्द नव्हे, हे मान्य. पण दीड सेंटिमीटर हा फरक लहान नाही. सीट फार उंच असली की गुडघा मागून दुखतो, फार खाली असली की पुढून. माझा मागून दुखायचा, आणि मी तो वयाच्या खात्यावर मांडून मोकळा झालो होतो.

मग त्याच झटक्यात जुन्या मॉडेलचा मापांचा तक्ता काढला. रीच (बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेमच्या पुढच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) ३९५ मिमी, स्टॅक (तेच अंतर उभं) ५६५, वर ११० चा स्टेम (हँडल धरणारा दांडा). म्हणजे हँडल मला फार लांब. हात मुंग्यांनी भरायचे ते उगीच नाही. जिच्यासाठी चार दिवस हळहळत होतो ती सायकल मला होतच नव्हती. हे लिहितानाही तिच्याशी बेइमानी केल्यासारखं वाटतंय.

आठवडा दुसरा

लेकीसाठी जुनी सायकल चालेल असं ठरलं. ती अजून वाढते आहे, दोन वर्षांत माप बदलेल. जुन्या बाजारात नजर टाकायला लागलो.

एक फारच छान दिसली. तिच्या मापाची, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) वरच्या दर्जाचा, मागितलेली रक्कम अशी की दुसऱ्या कुणी नेण्याआधी आपण पोचावं. मला खटकलं ते इतकंच की सगळे फोटो डाव्या बाजूने काढलेले. सायकल चालवणारा माणूस फोटो उजवीकडून काढतो, चेनची बाजू दाखवायला, चेन मोठ्या चकतीवर चढवून. असो, म्हटलं, सगळ्यांना हा सोस नसतो.

गेलो. विकणाऱ्याला फ्रेमचं माप सांगता येईना. सायकल त्याची स्वतःची, असं तो म्हणाला, पण सीट इतकी वर होती की त्याचा पाय पॅडलला पोचला नसता. मी आपली नेहमीची तपासणी सुरू केली. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, डाउन ट्यूबच्या (तिथून पॅडलकडे उतरणाऱ्या नळीच्या) खालच्या अंगाला बोट फिरवलं. तिथे रंगाला सुरकुती लागली तर सायकल समोरून धडकलेली असते. नव्हती. चेनवर पट्टी धरली. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात, एक सोळांश इंच जास्त भरली की चेन बदलायची वेळ आली. ती बरोबर १२ भरली. सगळं उत्तम. शेवटी सायकल उलटी केली.

बॉटम ब्रॅकेटच्या खाली काळा रंग मारलेला. बाकी फ्रेमवर धूळ, ओरखडे, सुकलेला चिखल, आणि तिथे मात्र तळहाताएवढा चकचकीत ठिपका. नख लावलं तर मऊ लागला. मी काही बोललो नाही. सायकल पुन्हा सरळ करून ठेवली, "कळवतो" म्हटलं आणि निघालो.

रस्त्यात लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुणीतरी आत्ता पंक्चरचे फोटो शोधत असेल."

जाहिरातीचा तपशील तक्रार दिली होती तिथेच देऊन आलो. आणि जुनी सायकल घ्यायचीच तर मूळ बिलासकट, नाहीतर ओळखीच्या माणसाकडून, असं ठरलं.

आठवडा तिसरा

आधी लेकीची सायकल. तिचं मन ७०० सी, म्हणजे मोठ्यांच्या मापाच्या चाकांच्या, एका सडपातळ सायकलवर जडलं होतं. दिसायला सुंदर, फ्रेमही सर्वांत लहान मापाची. मी तिला मोकळ्या जागेत इंग्रजी आठच्या आकड्यात अगदी हळू फिरवायला सांगितलं. दुसऱ्या वळणाला करकर आवाज आला. पॅडल आडवं असताना हँडल वळवलं की तिच्या बुटाचं टोक पुढच्या टायरला घासत होतं. लहान फ्रेमला मोठं चाक लावलं की हे बऱ्याचदा होतं: पॅडल आणि चाक यांच्यात जागाच उरत नाही. वेगात कुणी हँडल एवढं वळवत नाही, त्यामुळे एरवी हे कळतही नाही. पण चढावर, गर्दीत, हळू वळताना पाय अडकतो आणि माणूस आडवा होतो.

शेवटी २७.५ इंची चाकांची घेतली. ७०० सीच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ६२२ मिमी, हिचा ५८४. क्रँक (पॅडलचा दांडा) १६५ मिमीऐवजी १६० चा. रंग तिला आवडला नाही. तो मलाही आवडलेला नाही, पण हे मी तिला सांगितलेलं नाही.

माझ्या बाबतीत स्टील की ॲल्युमिनियम यावर मी वर्षानुवर्षं इतरांशी वाद घातला आहे. स्टीलच जिवंत वाटतं, हा माझा ठेका. या वेळी घेतली ती ॲल्युमिनियमची. ३८ मिमीच्या टायरमध्ये ४५ पीएसआय हवा भरल्यावर फ्रेमचा जिवंतपणा कुठे संपतो आणि टायरचा कुठे सुरू होतो, मला तरी सांगता येईना. वाद मागे घेत नाही, तूर्त तहकूब करतो. रीच ३७८, स्टॅक ५९०, स्टेम ९० चा. हँडल साडेतीन सेंटिमीटर तरी जवळ आलं, आणि वरही. मुंग्या अजून आलेल्या नाहीत.

खणातल्या सामानाचं मात्र वाटोळं झालं. नव्या फ्रेमला १२ मिमीचा थ्रू-ॲक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड आस), मागच्या हबची रुंदी १४२, डिस्क ब्रेक, ११ स्पीड. चाक, चेन, ब्रेकची रबरं, काही म्हणजे काही बसत नाही. उपयोगी पडल्या दोनच गोष्टी: जुनी पॅडलची जोडी (आटे नऊ सोळांश इंचाचे, ते बहुतेक सगळीकडे तेच) आणि राखीव सीट. बूड आणि पाय तेवढे जुन्या ओळखीचे राहिले.

माझं विणलेलं चाक भिंतीवर टांगलं आहे.

आठवडा पाचवा

गिअरबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत मोठा फरक तिथे पडला. जुनीवर पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या, मागे ११ ते २८ दातांच्या. सर्वांत हलका गिअर ३४ ला २८, म्हणजे १.२१. २८ मिमीच्या टायरचा परीघ २१३६ मिमी धरला तर पॅडलच्या एका फेरीत सायकल २.५९ मीटर पुढे जायची. नवीवर पुढे ४६/३०, मागे ११-३४. ३० ला ३४ म्हणजे ०.८८, आणि एका फेरीत जेमतेम १.९ मीटर. मिनिटाला ७० फेऱ्या टिकवायच्या तर चढावर जुनीला ताशी ११ किमीचा वेग राखावा लागायचा. तो जमायचा नाही, मग फेऱ्या ५० वर यायच्या आणि सगळा भार गुडघ्यावर. आता तेच ७० ताशी ८ किमीला जमतात. माझ्या नेहमीच्या चढाची वेळ अर्ध्या मिनिटाने वाढली. वर पोचल्यावर बोलता मात्र येतं.

डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी लागतच नव्हते, वर किंचाळत होते. घाबरायचं कारण नाही, पॅड आणि चकती एकमेकांना लागू व्हावी लागतात. ताशी २० पर्यंत वेग घ्यायचा, चाक अडकू न देता चालण्याच्या वेगापर्यंत आणायचा, सोडायचा, पुन्हा. वीसेक वेळा केलं. पंधराव्या खेपेला अचानक पकड आली.

एक गाढवपणाही नोंदवतो. अंतर मोजणाऱ्या मीटरवर तीन आठवडे जुन्याच टायरचा परीघ ठेवला होता. टायरच्या व्हॉल्व्हशी जमिनीवर खडूची खूण केली, सायकलवर बसून एक पूर्ण फेरी पुढे गेलो आणि मोजलं तर २१७२ निघाले. म्हणजे दर १०० किमीमागे दीड-पावणेदोन किमी मी फुकट चालवत होतो.

आठवडा सहावा

कुलूप. बैल गेला नि झोपा केला म्हणा हवं तर, पण आता झोपा तरी पक्का बांधू.

यू-लॉक घेतलं, म्हणजे यू आकाराच्या पोलादी कडीचं कुलूप, सोल्ड सिक्युअर या कुलपं तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेची गोल्ड पातळी असलेलं. (त्यांच्या पातळ्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा.) कडी १६ मिमी जाड. हातातल्या कटरने ही तुटत नाही. ग्राइंडरने तुटते, कुठलंही तुटेल. आपण विकत घेतो तो वेळ. कुलूप मुद्दाम लहान घेतलं, कारण मोठ्या यूच्या रिकाम्या जागेत पहार घालून पिळता येते. आणि नुसती कडी जाड म्हणून भुलू नका: २००४ साली गोल किल्लीची चांगली चांगली यू-लॉकं साध्या बॉलपेनच्या नळीने उघडताना लोकांनी पाहिली आहेत. सपाट किल्लीचं घ्या.

लावायची पद्धत शेल्डन ब्राउन या अमेरिकन सायकल मेकॅनिक-लेखकाची. कुलूप मागच्या चाकाच्या रिममधून घालायचं, पण फ्रेमचा मागचा त्रिकोण आहे त्याच्या आत, आणि पलीकडे खांबाला. फ्रेमच्या नळीला वेढा पडलेला दिसत नाही म्हणून बघणाऱ्याला ते चुकलंय असं वाटतं. पण कुलपात अडकलेली रिम त्या त्रिकोणातून बाहेर निघूच शकत नाही, त्यामुळे एकाच छोट्या कुलपात चाक आणि फ्रेम दोन्ही बांधली जातात. पुढच्या चाकाला आणि खांबाला वेगळी साखळी, म्हणजे चोराला दोन तऱ्हांची हत्यारं लागतील. लेकीच्या सायकलची क्विक रिलीज (हत्याराशिवाय चाक सोडवणारी खिट्टी) काढून ॲलन कीने आवळायच्या सळ्या बसवल्या. इटलीचे शर्यतपटू तुलिओ काम्पान्योलो यांनी १९३० मध्ये ज्या सोयीचं पेटंट घेतलं ती शर्यतीत ठीक, रस्त्यावर उभ्या सायकलला नको.

आणि दोन्ही सायकली वेगवेगळ्या कुलपात.

सगळं मिळून वजन अडीच किलो वाढलं. फ्रेम निवडताना मी दोनशे ग्रॅमवरून रात्री जागवल्या होत्या.

काल संध्याकाळी दोन्ही सायकली उलट्या केल्या. माझा नंबर स्वच्छ दिसतो. लेकीच्या नव्या सायकलवरही वायरीची गाइड नेमकी नंबरावर बसलेली. तिने स्क्रू सोडवला, गाइड बाजूला धरली, चिंधीने ग्रीस पुसलं आणि मोठ्याने नंबर वाचला, मी लिहून घेतला. मग फोटो. या वेळी जीभ मी काढली.

मीटरवर ३१२ किमी, दुरुस्त परिघाने. लेकीचा स्टेम बहुधा एक माप लांब आहे. तो बदलून झाला की पुढची नोंद.