गॅस तो गॅस!

पवई तलावाकाठच्या चिखलातून जांभळे जिवाणू वेगळे केले, वाढवले, फोमच्या तुकड्यांवर बसवले. यात काही विशेष त्रास झाला नाही. अडलं ते कॉलेजच्या स्टोअरच्या खिडकीत.

एम.एस्सी.चा प्रकल्प होता, उजेडावर जगणाऱ्या या जिवाणूंकडून हायड्रोजन काढायचा. त्यासाठी बाटलीतली हवा हाकलून आर्गॉन भरावा लागतो. तीन कोटेशनं जोडून अर्ज दिला. खिडकीमागच्या सरांनी वरवर पाहिला. "अगं, नायट्रोजनचा सिलिंडर खाली पडूनच आहे, तो ने की. गॅस तो गॅस!"

आता काय सांगणार? हायड्रोजन सोडतं ते जिवाणूंमधलं विकर (एन्झाइम) म्हणजे नायट्रोजिनेज. नायट्रोजन समोर असला की ते त्याचा अमोनिया करत बसतं, आणि तो अमोनिया उलट त्याच विकराला गप्प करतो. नायट्रोजन किंवा अमोनिया असला की हायड्रोजन थांबतो, हे गेस्ट आणि कॅमेन या शास्त्रज्ञांनी १९४९ सालीच दाखवलंय. मी कागदावर चित्र काढून समजावलं. सर म्हणाले, "हे सगळं अर्जात लिही."

लिहिलं. चार दिवसांनी अर्ज परत! विषयात 'हायड्रोजन' आहे, सुरक्षा समितीची सही आणा. सही करणारे परीक्षेच्या ड्युटीवर. (तुम्ही अर्जाच्या विषयात फक्त 'आर्गॉन' लिहा.) असे सतरा दिवस गेले. नशीब, जिवाणू फोमला धरून होते. जुनं द्रावण ओतून नवं घातलं तरी वाहून गेले नाहीत.

हो, फोमऐवजी जिवाणू अल्जिनेटच्या जेलीसारख्या मण्यांत कोंडायच्या फंदात पडू नका. वाढीच्या द्रावणातलं फॉस्फेट मण्यांना धरून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतं. माझ्या साबुदाण्याची आठवड्यात खीर झाली. जिवाणूंच्या वाढीला लागणाऱ्या नत्रासाठी अमोनियम क्षार नको, ग्लुटामेट घाला. आणि एलईडीचा पांढरा दिवा नको. यांना ८००-८५० नॅनोमीटरचा, आपल्याला न दिसणारा उजेड मानवतो. तो देणारा ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लोहार चाळीत हिंडून मिळवला.

सिलिंडर आला, तेव्हा कळलं की रेग्युलेटर वेगळा मागवायचा असतो. पुन्हा तीन कोटेशनं? शेजारच्या विभागाकडून उसना आणला.

पालथ्या मोजपात्रात बुडबुडे साठले तेव्हा मी रात्री आठपर्यंत नुसती बघत उभी होते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम खिडकीवर गेले.

"निघाला का गॅस?"

"एक्केचाळीस मिली, सर!"

"आणि सिलिंडर केवढ्याचा घेतलास?"

"सात घनमीटर."

सर हसलेसुद्धा नाहीत. रजिस्टर उघडलं. "रिकामा कधी परत करतेस?"