गोबेनचा पाठलाग, टप्पा दुसरा : तारा, घड्याळं आणि कोळसा

मंडळी, नकाशा तयार झाल्याचं मागे कळवलं होतं. आता खेळ खरोखर खेळता येतोय. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: ऑगस्ट १९१४, पहिलं महायुद्ध पेटतंय आणि भूमध्य समुद्रात जर्मनीची दोनच जहाजं आहेत, युद्धक्रूझर (मोठ्या तोफांचं वेगवान जहाज) गोबेन आणि हलकी क्रूझर ब्रेस्लाउ. अ‍ॅडमिरल झुशॉन त्यांचा प्रमुख. समोर ब्रिटिश अ‍ॅडमिरल मिल्नचा ताफा. ४ ऑगस्टच्या पहाटेपासून १० ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत हा पाठलाग चालला आणि शेवटी दोन्ही जर्मन जहाजं तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीतून आत निसटली. आम्ही तोच आठवडा टेबलावर मांडतोय. दोन खोल्यांत दोन बाजू, मधल्या खोलीत पंच. खरी जहाजं कुठे आहेत ते फक्त पंचाच्या नकाशावर.

नकाशाचं गणित सोपं ठेवलंय. एक सेंटिमीटर म्हणजे दहा सागरी मैल, एक चाल म्हणजे एक तास. २४ नॉटने (तासाला २४ सागरी मैल) पळणारी गोबेन तासाला २.४ सेंटिमीटर सरकते. अल्जीरियाच्या किनाऱ्यावरच्या बोनपासून (आजचं अन्नाबा) दार्दानेल्सपर्यंतचा पट्टा मीटरभरात बसतो. पावसाळ्यात नाशिकच्या हवेने कागद फुगायला लागला, तेव्हा कॉलेज रोडवर नेऊन लॅमिनेट करून घेतला. आता खडूच्या पेन्सिलने रेघा मारून पुसताही येतात. नकाशाबद्दल एवढं पुरे.

खरं काम तारांचं होतं. या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात जहाजांचे मार्ग ठळक रेघांनी दाखवलेले असतात, आणि त्या रेघांकडे बघितलं की वाटतं, एवढं सरळ असताना मिल्न चुकला कसा? पण ती रेघ मिल्नपुढे नव्हतीच. त्याच्यापुढे चिठ्ठ्या होत्या, काही उशिरा आलेल्या, काही अर्धवट, एक तर साफ चुकीची. म्हणून आमच्या खेळात प्रत्येक तारेची चिठ्ठी आहे आणि चिठ्ठीवर तीन रकाने: तार लिहिली कधी, निघाली कधी, हातात पडली कधी. लंडनहून समुद्राखालच्या केबलने माल्टा, तिथून बिनतारी यंत्राने जहाज, मग सांकेतिक मजकूर उलगडणं. प्रत्येक टप्प्याला पंच फासा टाकतो आणि तेवढा वेळ चिठ्ठी स्वतःजवळ धरून ठेवतो.

हे तीन रकाने सुचवले तारखात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. मी आधी एकच वेळ लिहीत होतो. काका म्हणाले, "अरे, तार लिहिली कधी हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. तुझ्या कप्तानाला विचार, त्याच्या हातात कधी पडली." आपल्याकडे गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आधी येते आणि पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी नंतर पोहोचतं. १९१४च्या समुद्रावर हे पुष्कळदा उलटं व्हायचं. जहाज पुढे निघून जायचं, बातमी मागून यायची.

घड्याळांचाही घोळ होता. लंडनचं एक, बर्लिनचं त्याच्या एक तास पुढे. ब्रिटनच्या निर्वाणीच्या खलित्याची मुदत ४ ऑगस्टला लंडनमध्ये रात्री ११ला संपली, बर्लिनमध्ये तेव्हा मध्यरात्र. आम्ही सगळं ग्रिनिचवर आणलं. (गंमत म्हणून तोच क्षण आपल्याकडे काढला: भारतीय प्रमाणवेळेने ५ ऑगस्टच्या पहाटेचे साडेचार. पण मुंबई तेव्हा स्वतःची वेगळी वेळ धरून बसली होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, म्हणजे तिथे ३ वाजून ५१ मिनिटं. एका युद्धाची सुरुवात एकाच प्रांतात दोन वेगवेगळ्या वेळांना!)

आता प्रत्यक्ष खेळ. ४ तारखेच्या पहाटे झुशॉनला बर्लिनहून हुकूम मिळतो: तुर्कांशी करार झालाय, कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) जा. फ्रान्सशी युद्ध सुरू झालेलं असतं, आणि तो अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ आलेला असतो, रिकाम्या हाताने जायला तयार नसतो. गोबेन फिलिपव्हिलवर तोफा डागते, ब्रेस्लाउ बोनवर, आणि मग दोघी कोळशासाठी पूर्वेला सिसिलीतल्या मेसिनाकडे वळतात. त्याच सकाळी इनडॉमिटेबल आणि इनडिफॅटिगेबल या ब्रिटिश युद्धक्रूझर त्यांच्या समोरून येतात. एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यातून दोन्ही बाजू निघून जातात, कारण ब्रिटनचं युद्ध अजून सुरू झालेलं नाही. ब्रिटिश जहाजं वळून मागे लागतात. मिल्न लंडनला जागा कळवतो, पण दिशा कळवत नाही. लंडनमध्ये नौदलमंत्री चर्चिलची समजूत होते की गोबेन अजून पश्चिमेलाच, फ्रेंच सैन्य वाहून नेणाऱ्या जहाजांच्या मागावर आहे.

या एका चिठ्ठीपायी आम्ही नियम बदलला. पूर्वी बातमी पाठवणारा खेळाडू तोंडी सांगायचा आणि पंच भर घालून घ्यायचा. आता जे लिहिलं तेवढंच पोहोचतं. दिशा विसरलात तर विसरलात. पहिल्याच डावात ग्लॉस्टर ही ब्रिटिश हलकी क्रूझर चालवणाऱ्याने वेग लिहिला, वेळ लिहिली आणि नेमकी दिशा गाळली. मधल्या खोलीत पंचाला हसू आवरेना.

इटली तटस्थ होती, म्हणून ब्रिटिश जहाजांना इटलीच्या किनाऱ्यापासून सहा मैल दूर राहायचा हुकूम होता. आमच्या नकाशावर ते सहा मिलिमीटर भरतात. मेसिनाची सामुद्रधुनी सगळ्यात चिंचोळ्या जागी तीनेक किलोमीटरचीच, म्हणजे मिल्नला ती बंद. आत गोबेन कोळसा भरतेय आणि बाहेर दोन तोंडं, उत्तरेचं आणि दक्षिणेचं. मिल्नने आपली दांडगी जहाजं पश्चिमेच्या बाजूला ठेवली आणि दक्षिणेच्या तोंडाशी एकटी ग्लॉस्टर, कप्तान हॉवर्ड केलीची. यावरून त्याला आजवर बरीच बोलणी बसली आहेत.

आमच्याकडे अडचण अशी की गोबेन तुर्कस्तानला जाणार हे प्रत्येक खेळाडूला पाठ. मग मिल्न कोण खेळेल? यावर तोडगा निघाला तो मला सगळ्यात आवडलेला भाग. झुशॉन खेळणारा डावाच्या सुरुवातीला एक बंद पाकीट उचलतो. त्यात कॉन्स्टँटिनोपल असेल, एड्रियाटिकमधलं ऑस्ट्रियाचं पोला बंदर असेल, किंवा जिब्राल्टरमधून अटलांटिक. पाकीट आल्यापासून मिल्न खेळणाऱ्यांचं वागणं एकदम बदललं. आधी सगळे पूर्वेला धावायचे, आता बहुतेक जण फ्रेंच जहाजं वाचवायला पश्चिम धरून बसतात. अगदी मिल्नसारखेच! दिशा न कळवल्याचा दोष त्याच्या पदरात घालायलाच हवा. पण पश्चिमेला थांबल्याबद्दल त्याला वेंधळा म्हणणाऱ्यांनी एकदा पाकीट न बघता खेळून पाहावं.

बिनतारीचा भाग अजून कच्चा आहे. हौशी रेडिओचा परवाना असलेली एक मैत्रीण गटात आली, तिने मोर्सची कळ आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचा बझर बसवून दोन खोल्यांत वायर ओढली. त्या काळचे ठिणगीचे ट्रान्समीटर आज हवेत चालवायला बंदी आहे, त्यामुळे वायरच बरी. ठिणगीचा संदेश पसरट असायचा, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू यायचा आणि कुणीही त्यावर गोंगाट घालू शकायचं. ६ ऑगस्टच्या रात्री ग्लॉस्टर गोबेनची जागा सतत कळवत होती तेव्हा जर्मनांनी तिचे संदेश दाबायचा प्रयत्न केला. आम्ही तेच दुसऱ्या बझरने करून पाहिलं. दोन्ही बझरचा सूर एक असेल तर काही म्हणजे काही कळत नाही. सूर वेगळे ठेवले की सरावलेला कान हवा तो पकडतो. टेलिफुंकेन या जर्मन कंपनीच्या यंत्रांचा गाणारा उंच सूर लोकांना का हवासा वाटायचा ते यावरून नीट लक्षात आलं. खेळात मात्र मोर्सने डाव फार रेंगाळतो. तूर्त फक्त ग्लॉस्टरच्या त्या रात्रीपुरतं मोर्स, बाकी चिठ्ठ्या.

ती रात्र खेळायला फार रंगते. झुशॉन ६ तारखेच्या संध्याकाळी मेसिनातून निघतो, एड्रियाटिककडे चाललोय असं भासवतो आणि रात्री आग्नेयेला वळतो. केली फसत नाही. पुढे चार चिलखती क्रूझर घेऊन रिअर अ‍ॅडमिरल ट्रूब्रिज आडवा यायला निघालेला असतो, पण त्याच्याकडे आपल्यापेक्षा वरचढ बळाशी भिडू नका अशी तार आहे. त्याच्या मोठ्यात मोठ्या तोफा ९.२ इंची, गोबेनच्या दहा तोफा ११ इंची. पहाटे चारच्या सुमारास तो माघारी फिरला. पुढे त्याचं कोर्टमार्शल झालं आणि तो निर्दोष सुटला. आमच्या गटातही या वादाचा निकाल लागलेला नाही आणि चहा संपला तरी लागत नाही. माझं मत विचाराल तर, ती तार ऑस्ट्रियाच्या ताफ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती आणि लिहिणाऱ्याने तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

मग ८ ऑगस्टची ती प्रसिद्ध चिठ्ठी. मिल्न तीन युद्धक्रूझर घेऊन अखेर पूर्वेला निघालाय आणि दुपारी लंडनहून येतं: ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू करा. युद्ध सुरू झालेलंच नव्हतं, ते १२ तारखेला झालं. कार्यालयातल्या चुकीने तयार मजकूर निघून गेला होता. काही तासांत तो रद्द झाला, पण मिल्न एड्रियाटिकचं तोंड अडवायला वळला होता आणि गोबेनच्या मागावर जायचा नवा हुकूम यायला ९ तारीख उजाडली. तेवढ्यात झुशॉन एजियन समुद्रातल्या दोनूसा बेटाशी कोळसा भरत होता. आम्ही चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात अशा काही खोट्या चिठ्ठ्या मिसळल्यात. कुठली खोटी हे पंचालाही आधी ठाऊक नसतं, ती रद्द करणारी चिठ्ठी निघाली तरच कळतं. एकदा एका दादांनी खरीच चिठ्ठी खोटी समजून बाजूला ठेवली आणि गोबेन त्यांच्या नाकासमोरून गेली.

कोळशाचे नियम मी अजून दोनदा तरी बदलणार. मेसिनात माणसं कोसळेपर्यंत काम करून सुमारे १५०० टन भरता आला, आणि तेवढ्यावर कॉन्स्टँटिनोपल गाठता येत नव्हतं. त्यात गोबेनच्या बॉयलरच्या नळ्या गळक्या. म्हणजे वेग वाढवावा तर कोळसा आणि नळ्या दोन्ही जातात. सध्याच्या नियमात झुशॉन फार आरामात सुटतो, म्हणून दर चालीला नळी फुटण्याचा फासा वाढवतोय.

यानंतरचा टप्पा आपल्या बाजूचा: जर्मन हलकी क्रूझर एम्डेन. ३१ जुलैला चीनमधलं त्सिंगताओ बंदर सोडणारी, सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात शिरणारी, आणि २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवणारी. तिने धरलेलं पोंटोपोरोस हे जहाज कलकत्त्याहून कोळसा नेत होतं, म्हणजे आमचा कोळशाचा तक्ता तिथेही लागेल. मुंबईहून सैन्य नेणाऱ्या जहाजांच्या बाजूला देवळालीचा कॅम्पही नकाशावर आणायचा विचार आहे, इतक्या जवळ राहून तो सोडवत नाही.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या बाजूला कुणाकडे रविवारी सकाळी बंद दरवाज्यांच्या तीन खोल्या मोकळ्या असतील तर कळवा, कारण आमच्या घरी मधल्या दारातून सगळं ऐकू जातं. आणि पंच व्हायला कुणीतरी या. सध्याच्या पंचाला आता झुशॉन खेळायचाय.