दुर्गादासांच्या मागावर : जोधपूर, मंडोर, उज्जैन

औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि सुधागडाच्या पायथ्याशी उतरला. त्याच्यासोबत मारवाडचे सरदार दुर्गादास राठोड होते. सुधागड मी कितीदा चढलोय, पण ह्या माणसाची पुरती गोष्ट कळली ती फार उशिरा. कळल्यावर मात्र राहवेना. जानेवारीत वडिलांना घेऊन निघालो. ते लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे गोष्ट त्यांनाही भिडली होती.

मारवाडचे, म्हणजे जोधपूरचे राजे जसवंतसिंह 1678 मध्ये खैबर खिंडीजवळच्या जमरूदला वारले. त्यांचा मुलगा अजितसिंह त्यांच्या मागे लाहोरात जन्मला. औरंगजेबाला ते पोर ताब्यात हवं होतं. दुर्गादास आणि सोबतच्या राठोडांनी 1679 च्या जुलैत लढून त्याला दिल्लीतून बाहेर काढलं, सिरोहीकडच्या डोंगरांत लपवलं. पुढे जवळपास तीस वर्षं धावपळ. घोड्यावर बसूनच भाल्याच्या टोकाने बाटी भाजणारे दुर्गादास तिकडे चित्रांत जागोजागी दिसतात.

जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याला रिक्षा जयपोळीपर्यंत जाते (पोळ म्हणजे दरवाजा). पाय धड असतील तर ब्रह्मपुरीच्या निळ्या घरांतून चढून फतेहपोळीने आत जा. औरंगजेब मेल्यावर 1707 मध्ये जोधपूर परत मिळालं, त्या विजयाची ही पोळ अजितसिंहाने बांधली. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी गडावर लिफ्ट आहे, वडिलांना तिचाच आधार झाला. अर्धा दिवस हाताशी ठेवा. संध्याकाळी मसुरिया टेकडीवर दुर्गादासांचा अश्वारूढ पुतळा बघता येतो.

मारवाडची जुनी राजधानी मंडोर जोधपूर शहरापासून नऊएक किलोमीटर. सकाळीच जा, नंतर दगड तापतात. वानरं फार, खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नका. इथे अजितसिंहाची छत्री, म्हणजे मृत्यूनंतर बांधलेलं स्मारक आहे, तिला तिकडे देवल म्हणतात. मंदिरासारखी उंच, कोरीव. बादशहाच्या हाती न लागलेला हा राजा 1724 मध्ये पोटच्या मुलाच्या हातून मेला. वडील तिथल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

जोधपूरहून इंदूरची रेल्वे उज्जैनवरून जाते, पण जयपूर-कोट्याचा वळसा घेत. दिवस गाडीतच जातो. डबा आणि पाणी घेऊन चढा.

उज्जैनला का? कारण राज्य मिळाल्यावर अजितसिंहाचं दुर्गादासांशी बिनसलं आणि म्हाताऱ्या दुर्गादासांनी मारवाड सोडलं. 1718 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, ते क्षिप्रेकाठी वारले. चक्रतीर्थाजवळ लाल दगडाची त्यांची छत्री आहे. चक्रतीर्थ म्हणजे स्मशानघाट, तेव्हा आवाज न करता जा, अंत्यविधीचे फोटो काढू नका. महाकालाच्या गर्दीतून इकडे फारसं कुणी वळत नाही. श्रावणातले सोमवार टाळलेले बरे.

मंडोरचं ते देवल पाहून आल्यावर ही छत्री फारच लहान वाटली. मला राग आला. वडील म्हणाले, "अरे, अकबराची मुलं आठव." अकबराची मुलगी आणि मुलगा मारवाडात दुर्गादासांच्याच सांभाळात वाढले होते. शत्रूच्या नातवंडांना त्यांनी कुराण शिकवण्याची सोय केली आणि पुढे दोघांनाही सुखरूप आजोबांकडे पोचवलं. "ज्याचं पोर हाती दिलं, ते सांभाळायचं. एवढंच बघणारा माणूस होता तो."

'माई, ऐड़ा पूत जण, जेड़ा दुर्गादास' (आई, दुर्गादासासारखा मुलगा जन्माला घाल) असं मारवाडात आजही म्हणतात. वडिलांनी ते छत्रीपाशी मोठ्याने म्हटलं, मग आम्ही चपला घालून घाटाकडे निघालो.