नळदुर्ग: बोरीच्या पाण्याचा तट

सोलापूरजवळच्या नळदुर्ग किल्ल्यात बहुतेक जण पावसाळ्यात जातात ते नर-मादी धबधबे बघायला. जरूर बघावेत. पण आम्ही आधी तटावरून फिरलो आणि तसंच करा असं सांगू, कारण वरून पाहिल्यावरच कळतं की हे पाणी इथं शोभेसाठी आणलेलं नाही.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं १६१३ च्या सुमारास बोरी नदीवर काळ्या दगडाचा हा बंधारा घातला. अलीकडं मुख्य किल्ला, पलीकडं रणमंडळ हा छोटा जोडकिल्ला; दोन्ही या बांधानं जोडलेत. नदी अडली, तटाखाली डोह साठला आणि रणमंडळात जायला वरून वाटही झाली. पाणीमहाल आहे तो या बांधाच्या पोटात. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरलं की कमानीची खिडकी समोर येते. सांडव्याचं पाणी डोक्यावरून जाऊन खिडकीपुढं कोसळतं. अंगावर तुषार येतात, खोली मात्र कोरडी. चारशे वर्षांनंतरही!

सोलापुरात पाऊस झाला म्हणून निघू नका. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडल्याशिवाय धबधबे चालू होत नाहीत. पायऱ्यांवर शेवाळ असतं. रबरी, खाचांच्या तळाचे बूटच घाला. उपळी बुरुजाच्या ७७ पायऱ्या सकाळी चढाव्यात, वर सावली नाही. तिथं दोन लांबलचक तोफा आहेत.

आतलं साहेबाचं घर लोक न बघताच पुढं जातात. निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या कंटिन्जंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामानं १८५३ च्या तहात वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही इंग्रजांकडं सोपवला. डेप्युटी कमिशनर म्हणून आलेला मेडोज टेलर किल्ल्यातच राहिला. आदिलशाही तटाच्या आत इंग्रजी कारभार चालला, तो जेमतेम सात वर्षं. १८६० मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला.

बाहेर पडलात की बोरीच्या पुलाकडं बघा. हैदराबादच्या पोलीस कारवाईत १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेनं आधी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला आणि मग नळदुर्गातल्या निजामी पलटणीवर चाल केली. ज्या नदीच्या भरवशावर हा किल्ला उभा होता, ती फौजेनं पाय न भिजवता ओलांडली.