‘तुमच्यात’ कसं असतं?

आठवीच्या वर्गात त्या दिवशी कालगणना शिकवत होते. रमजान दरवर्षी अलीकडे का सरकतो, असं एका मुलाने विचारलं. उत्तर मला येत होतं. तरी दुसऱ्या बाकावरच्या मुलीकडे वळून मी म्हटलं, “तू सांग ना, तुमच्यात कसं ठरतं?”

ती उठली. पेनाचं टोपण काढत-घालत राहिली. “माहीत नाही, मॅडम.” मागून आवाज आला, “मग ही कसली मुस्लिम!” वर्ग हसला. मी दटावलं आणि धडा पुढे नेला.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. “मॅडम, अधिक महिना का येतो, हे तुम्ही कधी कुणाला उभं करून विचारलं नाहीत.” एवढं बोलून निघून गेली.

‘तुमच्यात’ म्हणून मी तेरा वर्षांच्या पोरीला अख्ख्या धर्माची प्रवक्ती करून टाकलं होतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन या अभ्यासकांच्या संस्थेने २०१० साली शाळांसाठी काढलेली मार्गदर्शक तत्त्वं मी वाचली होती. कुठलाही धर्म आतून एकसारखा नसतो, तो काळानुसार बदलतो, भोवतीच्या संस्कृतीत मुरलेला असतो, हे मला तोंडपाठ होतं. पण वर्गात तोंडून निघालं ते लहानपणापासून ऐकलेलं ‘तुमच्यात’च.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तिची माफी मागितली. वर्गासमोर मागितली असती तर पुन्हा तिलाच उभं केल्यासारखं झालं असतं.

मग फळ्यावर अधिक महिन्याचाच प्रश्न लिहिला. ज्यांच्या घरी तो पाळतात, त्यांच्यातल्या एकालाही उत्तर येईना. म्हणून गणितच मांडलं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ दिवस, म्हणजे सौरवर्षाला अकरा कमी. ही तूट हिंदू पंचांग साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना वाढवून भरतं. ज्यू कालगणनेत १९ वर्षांत सात महिने वाढवतात. इस्लामी कालगणना तूट भरतच नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण ३३ वर्षांनी मूळ जागी येतो. ईस्टरची तारीखही पौर्णिमेवरून ठरते, हे कळल्यावर मुलं चकित झाली. एकाच चंद्राचे हे सगळे हिशेब!

आदल्या दिवशी मागून ओरडलेला मुलगा आपणहून म्हणाला, “आमच्याकडे आजी सगळे उपास करते, बाबा एकही नाही.” कुणी हसलं नाही. मग इतरही बोलू लागले, घराघरातलं वेगळेपण निघत गेलं. धडा त्या दिवशी पुढे सरकला नाही, आणि मला त्याची मुळीच खंत नाही.

ती मुलगी तासभर काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. घंटा झाल्यावर वही घेऊन आली. समासात १३ + ३३ अशी बेरीज मांडली होती.

“मॅडम, रमजान परत याच दिवसांत येईल तेव्हा मी ४६ वर्षांची असेन.”