हेरल्ड : स्लेव्ह सिलिंडर अखेर सुटला

माझ्या जुन्या हेरल्ड मोटारीच्या क्लचचे पेडल तळाला जाऊन बसते, रिव्हर्स टाकताना गिअर करकरतात आणि बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) खालच्या कडेवरून ब्रेक ऑइल ठिबकते, इथपर्यंत मागची नोंद आली होती. आज गळका स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलने दाबलेल्या ऑइलच्या जोरावर क्लच सोडवणारा सिलिंडर, टेबलावर आहे. मात्र त्यासाठी तीन रविवार खर्ची पडले.

केबिनमधून पुठ्ठ्याचे गिअरबॉक्स कव्हर काढले की सिलिंडर हाताशी येतो, इंजिन उतरवावे लागत नाही. त्याला धरणारा बोल्ट ५/१६ इंची असून डोके अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे आहे. १३ नंबरचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे खातो, म्हणून इंची पान्यांना पर्याय नाही, हे माझे मत आता पक्के झाले आहे. बोल्ट दहा मिनिटांत निघाला. सिलिंडर मात्र आपल्या भोकात गंजून जाम बसला होता.

बेळगावच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या १९६७ च्या गाडीकडून दुसरी अपेक्षा तरी काय करावी? गंज सोडवणारे तेल आठवडाभर सोडले, उकळते पाणी ओतले, पाइप पान्याने पिळून पाहिले, पण तो केसभरही हलला नाही. गॅसची ज्योत लावणे शक्य नव्हते, कारण ब्रेक ऑइल पेट घेते. हातोडा मारण्याचे धाडसही झाले नाही, कारण बेलहाउसिंग ओतीव आहे आणि ओतीव कान वाकत नाही, सरळ तुटतो. फाउंड्रीच्या गावात राहून हे शिकवायला कोणाची गरज नाही.

युक्ती सुचली ती चहा पिताना. पेडल दाबल्यावर स्लेव्हमधला पिस्टन क्लचकडे जाणाऱ्या सळईला जेवढ्या जोराने ढकलतो, तेवढ्याच जोराने सिलिंडर उलट दिशेला रेटला जातो, आणि तो रेटा एरवी पेलतो तो बोल्ट आता जागेवर नव्हताच. टाकीत ऑइल भरून, नळीचे क्लॅम्प सैल करून, मुलाला पेडलवर बसवले. सील गळके असल्यामुळे सावकाश दाबून दाब टिकत नव्हता. झटक्याने दाबल्यावर सातव्या खेपेस ‘कट्’ असा आवाज आला आणि सिलिंडर दोन मिलिमीटर सरकला. तो आवाज मी बराच काळ विसरणार नाही. मग नळी सोडून तो हाताने पिळत बाहेर काढला.

सील किट बदलून काम भागेल, असा माझा बेत होता. मुंबईच्या एका विक्रेत्याने पाठवलेले किट चुकीच्या मापाचे निघाले ते बरेच झाले म्हणायचे, कारण आतल्या भिंतीवर खालच्या बाजूला, जिथे ऑइलने शोषलेले पाणी साचते, तिथे नखाला अडकतील असे खड्डे आहेत. होनिंगने, म्हणजे आतली भिंत घासून, ते घालवायचे तर बोअर (आतला व्यास) मोठा होईल आणि नवे सीलही गळेल. उद्यमबागेतील लेथवाल्या मामांच्या मते बोअर वाढवून स्टेनलेसची स्लीव्ह (आतली नळी) बसवावी आणि आतून मूळ माप राखावे. नळीची व ब्लीड निपलची (हवा काढायच्या तोटीची) भोके स्लीव्हमधून पुन्हा पाडून त्यांची धार मोडावी लागेल.

हे लिहितानाच लक्षात येते आहे की पेडलजवळचा, स्लेव्हकडे ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडरही त्याच वयाचा आहे. स्लेव्हला नवा जोर आला की पुढची गळती तिथूनच सुरू होईल, तेव्हा उद्या तोही उतरवतो आणि दोन्ही एकदमच मामांकडे देतो. परत बसवताना सिलिंडरच्या बाहेरून ग्रीसचा पातळ हात मारणार आहे.